साहेबाची सोय

“साहेबाची सोय काय करायची?” असं मी विचारलं तेव्हा हे म्हणाले, “होईल काहीतरी.” लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांचं ‘होईल काहीतरी’ म्हणजे ‘तू कर काहीतरी’ असतं हे मला आता पाठ आहे. मी म्हटलं, “होईल म्हणजे काय? तो काय स्वतःचं तिकीट काढून जाणार आहे कुठे?” ह्यांनी वाफेची इस्त्री एका बाजूला उभी केली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मग मीच गप्प बसले.

गप्प बसले, कारण सुट्टीवर जायची गोष्ट ह्यांनी स्वतःहून काढली होती. आमची लाँड्री आहे. खाली दुकान, वर आम्ही. मुलगा गेल्यापासून हे सकाळी इस्त्रीच्या टेबलाशी उभे राहायचे ते दिवे लागेपर्यंत. रविवारसुद्धा सोडायचे नाहीत. गिऱ्हाइकांचे कपडे संपले की घरातले पडदे काढून इस्त्री करायचे, पडदे संपले की पायपुसणी. पायपुसण्याला कडक इस्त्री करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. काही हवंय का विचारलं की उत्तर ठरलेलं, “काही नको.” आणि एक दिवस वन्संचा फोन आला. समुद्राकाठी भाड्याने घर घेतलंय, आठवडाभर या, म्हणाल्या. मी मनात नकाराची वाक्यं जुळवतेय तोवर हे म्हणाले, “येतो. मला समुद्र बघायचाय.” वर्षभरात ह्या माणसाने तोंडाने काही मागितलं ते एवढंच. मी नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

पण साहेबाचं काय?

साहेब म्हणजे आमचा कुत्रा. आमचा कसला, मुलाचा. कपडे पोचवायला गाडी घेऊन गेला होता, येताना धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर हे ध्यान बसवून घेऊन आला. बदामी रंग, एक कान उभा, एक पडलेला, आणि पांढऱ्याशुभ्र चादरींवर चिखलाचे पंजे. मी घर डोक्यावर घेतलं. “हा इथे एक मिनिट राहणार नाही,” म्हटलं. तोवर ते ध्यान गल्ल्याच्या खुर्चीवर चढून बसलं होतं आणि समोरच्या गिऱ्हाइकाकडे ‘काय काम आहे?’ अशा नजरेनं बघत होतं. मुलगा म्हणाला, “आई, जरा हळू. साहेबांना आरडाओरडा खपत नाही.” झालं. नाव पडलं आणि कुत्रा राहिला. पुढे त्याच्यासाठी मांस उकळून हाडं वेगळी काढायचं काम कुणाच्या गळ्यात पडलं, ते सांगायला नकोच.

मुलगा मागच्या वर्षी गेला. गाडी घेऊनच गेला होता, समोरून ट्रक आला. ह्यापलीकडे मला ते सांगता येत नाही.

त्यानंतर साहेबाने अन्न सोडलं. जिन्याच्या खालच्या पायरीवर, दाराकडे तोंड करून पडून राहायचा. जनावरांच्या डॉक्टरने घरी येऊन सलाइन लावलं. आम्ही दोघं आमच्यातच नव्हतो, तरी आळीपाळीने त्याच्यापाशी बसायचो. मग कधीतरी हळूहळू खायला लागला. पण डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, “मूत्रपिंडं अधू झालीयेत. आणखी एक असा उपास ह्याला झेपायचा नाही.” आणि ह्याची तऱ्हा अशी की आम्ही दोघं दिवसभर जरी घराबाहेर राहिलो, तरी हा पाण्याच्या वाडग्यालासुद्धा तोंड लावायचा नाही.

मुलाच्या हातचं, मुलाच्या मागे उरलेलं, श्वास घेणारं असं आमच्याकडे तेवढंच होतं. सुट्टी घालवायला जायचं आणि त्याला गमावायचं?

बरोबर न्यावं, तर वन्संच्या घरमालकाला कुत्रा चालत नव्हता आणि वन्संच्या यजमानांना दमा. पलीकडचा औषधवाला म्हणाला, “आमच्याकडे ठेवा की, त्यात काय!” त्याच्याकडे दोन मांजरी. त्यांतली एक दुकानात यायची तेव्हा साहेब टेबलाखाली जायचा, आणि ती टेबलावर बसायची. मग आम्ही एक कुत्र्यांचं हॉटेल पाहून आलो. खरंच हॉटेल म्हणतात त्याला. तिथला माणूस गळ्यात ओळखपत्र घालून बसला होता. मला म्हणाला, “मॅडम, एसी हवा की नॉन-एसी?” आत एका रांगेत पिंजरे, आणि प्रत्येक पिंजऱ्यात एक कुत्रं भिंतीकडे तोंड करून बसलेलं. सगळीकडे संगीत लावलेलं. मी ह्यांचा हात धरून बाहेर आले.

शेवटी एका गिऱ्हाइकाने मेट्रनबाईंचं नाव सांगितलं. खरं नाव काय होतं कोण जाणे, सगळे मेट्रनबाईच म्हणायचे. इस्पितळात जन्म काढलेला, निवृत्त झाल्यावर घरी कुत्री सांभाळायच्या. एका वेळी तीन-चारच, आणि तीसुद्धा मुलाखत घेऊन. मुलाखत कुत्र्याची नाही, आमची. घराला फिनेलचा वास, भांडी उतरत्या क्रमाने लावलेली, आणि तिथली कुत्रीसुद्धा वॉर्डातल्या पेशंटसारखी आपापल्या गादीवर निमूट बसलेली. साहेबाचे दात तपासले, जिभेचा रंग बघितला, मग आमच्याकडे वळल्या.

“रात्रीचं ठेवायचं तर एक कपडा लागतो मला. अंगावर घातलेला. धुतलेला चालणार नाही.”

मी म्हटलं, “आम्ही लाँड्रीवाले आहोत हो. आमच्याकडे मळका कपडा...”

“मग आजपासून एक मळवा,” त्या म्हणाल्या. “कुत्र्याला तुमचा फोटो दाखवून उपयोग नाही. त्याला वास पाहिजे.”

बाई मला आवडल्या. माझ्यासारख्याच तोंडाळ.

मी माझा जुना स्वेटर घालून चार दिवस उकाड्यात घामाघूम झाले आणि साहेबाला एका रात्रीपुरतं, चाचणी म्हणून, तो स्वेटर देऊन ठेवून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. “घेऊन जा. घास खाल्लेला नाही. पाणी नाही. भिंतीकडे तोंड करून बसलाय.” आम्ही धावत गेलो. साहेब माझ्या अंगावर उड्या मारत होता आणि मेट्रनबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

“तुमच्यावर जीव आहे त्याचा,” त्या म्हणाल्या, “पण हा तुमचा कुत्रा नाही. कुणाचा आहे?”

“मुलाचा,” मी म्हणाले.

“मग त्याचा कपडा आणा की! माझा वेळ कशाला घालवलात? कुठे असतो मुलगा?”

“बाहेर असतो,” मी म्हणाले.

ह्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सरळ सांगायचं होतं मी. पण ते वाक्य उच्चारलं की समोरच्या माणसाचा चेहरा पडतो, मग त्या चेहऱ्याची समजूत काढायचं काम माझ्याकडे येतं. ‘असू द्या, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका,’ असं मीच म्हणायचं. वर्षभर मी ते केलं होतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची समजूत मी काढली होती. आता कंटाळा आला होता मला त्याचा.

घरी आल्यावर हे म्हणाले, “राहू दे. नको जायला.” आणि खाली जाऊन गिऱ्हाइकाच्या मोज्यांना इस्त्री करायला लागले. त्यात रुसवा नव्हता, राग नव्हता. रागावले असते तर मी दोन हात केले असते. जिन्यातून मला त्यांची पाठ दिसत होती, आणि ती पाठ बघून मला रडू आलं.

कारण कपडा होता. माझ्याकडे होता.

मुलगा गेला त्या आठवड्यात ह्यांनी त्याचं सगळं कपाट उपसलं. एकूण एक कपडा धुतला, नीळ दिली, खळ दिली, इस्त्री केली आणि गठ्ठे बांधून ठेवले. माणसं भेटायला येत होती आणि हे खाली मशीन लावत होते. लोकांना चमत्कारिक वाटलं असेल. मला नाही वाटलं. ह्यांना तेवढंच येतं. पण त्या गठ्ठ्यांतून एक शर्ट मी मागे ठेवला. त्या दिवशी सकाळी निघताना त्याने बदलून खुर्चीवर भिरकावला होता तो. निळ्या चौकटींचा, खिशावर शाईचा डाग. मी तो पिशवीत घालून पिशवीचं तोंड घट्ट बांधलं आणि कपाटात रजयांच्या खाली लपवला. लाँड्रीवाल्याच्या घरात मळका शर्ट लपवायचा म्हणजे चोरीच. ह्यांच्या हाती लागला असता तर सवयीने मशीनमध्ये गेला असता, म्हणून मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

अगदीच सहन होईना की मी तो काढायचे. रोज नाही. वास उडून जाईल ह्या भीतीने पिशवी जराशीच उघडायची, डोळे मिटून नाक आत घालायचं आणि लगेच गाठ मारायची. त्यात तो असायचा. घाम, थोडं तेल, थोडी ऊब, आणि तो. माझ्या पोराचं जगात एवढं एकच राहिलं होतं आणि ते मी पुरवून पुरवून वापरत होते.

आता ते कुत्र्याला द्यायचं? तो त्यावर लाळ गाळणार, लोळणार, केस सोडणार. मी कात्री काढली. अर्धा शर्ट द्यावा, अर्धा ठेवावा. शिवणीपाशी कात्रीचं टोक लावलंसुद्धा. पण हात धजेना. शर्टाला कात्री लावायची म्हणजे... नाही, नाहीच जमलं.

खालून इस्त्रीच्या वाफेचा सुस्कारा ऐकू येत होता. मोजे संपले होते, आता हे बहुतेक टेबलावरची चादर इस्त्री करत होते. एक माणूस वर्षभराने म्हणतो, मला समुद्र बघायचाय. आणि एक मुकं जनावर, त्याला तर काही म्हणताही येत नाही. वासाच्या माझ्या लोभापायी मी दोघांना कोंडून ठेवणार होते काय? शेवटी मी स्वतःलाच झापलं. त्याचा कुत्रा आहे. त्याचा हक्क आहे. गळ्यापाशी, कॉलरच्या आत, थोडासा वास राहीलच की. सात दिवसांत कुत्रं खाऊन खाऊन किती खाणार!

साहेबाला घेऊन मी मेट्रनबाईंकडे एकटीच गेले. ह्यांना सांगितलं, दुसरा स्वेटर देऊन बघते. पिशवीची गाठ मी त्यांच्या समोर सोडली. साहेबाने लांबूनच मान उचलली. मग तो आला, शर्टात नाक खुपसलं आणि असा काही आवाज काढला की मेट्रनबाईसुद्धा क्षणभर थांबल्या. मग त्यावर गोल फिरला आणि बसला. थोड्या वेळाने त्यांनी वाडगं पुढे केलं. तो बसल्या जागेवरून मान लांब करून जेवला.

“बघा,” मेट्रनबाई म्हणाल्या. “मुलगा आला की सांगा त्याला.”

“सांगते,” मी म्हणाले.

शर्ट धुऊ नका, हे मला सुचलंसुद्धा नाही. जी बाई स्वतः मळका कपडा मागते, तिला ते काय सांगायचं?

समुद्रावर आम्ही आठवडा काढला. वन्संनी घर छान घेतलं होतं, खिडकीतून पाणी दिसायचं. पहिल्या दिवशी ह्यांनी तिथल्या पडद्यांकडे बघून “सुरकुत्या आहेत” म्हटलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. पण तिसऱ्या दिवशी हे विजार दुमडून पाण्यात उतरले. लाटेने एक चप्पल ओढून नेली. हे तिच्या मागे गेले तर लाटेने दुसरीही नेली. दोन्ही हात वर करून ह्यांनी आमच्याकडे बघितलं आणि हसले. खरंच हसले, दात दिसेपर्यंत. वन्संनी माझा दंड घट्ट धरला. “वहिनी, दादा हसला,” म्हणाल्या, आणि आम्ही दोघी तिथे वाळूत उभ्या राहून रडलो. यजमान बिचारे छत्री घेऊन कुणाला आधार द्यावा ह्या विचारात मधेच अडकले.

संध्याकाळी मी मेट्रनबाईंना फोन करायचे. त्यांचं उत्तर तुटक असायचं. “जेवला. शी व्यवस्थित. शर्टात तोंड घालून झोपलाय.” माझा जीव भांड्यात पडायचा. शर्टात तोंड घालून. मी खिडकीशी बसून ते चित्र मनात पुन्हा पुन्हा बघायचे. पहिल्यांदाच मला वाटलं की मी माझ्या पोरासाठी काहीतरी करतेय. मेलेल्या माणसासाठी काही करता येत नाही, हेच तर सगळ्यात वाईट असतं. त्याला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही. पण त्याचा कुत्रा जेवत होता, आणि तो त्याच्या जिवावर जेवत होता.

परत येताना गाडी परस्पर मेट्रनबाईंकडेच घेतली. आमची लाँड्रीचीच गाडी, अपघातानंतर घेतलेली दुसरी, मागे कपडे टांगायचे दांडे. साहेबाने आम्हाला बघून जो काही धिंगाणा घातला त्याला तोड नाही. ह्यांच्या चेहऱ्यावर ऊन लागून रंग आला होता, साहेब तो चाटून काढत होता. मेट्रनबाई आत गेल्या आणि दोन्ही हातांवर काहीतरी धरून बाहेर आल्या. पातळ कागदात गुंडाळलेलं, सुबक, चौकोनी.

“बाकीच्यांना मी तसाच परत करते हं, पिशवीत कोंबून,” त्या म्हणाल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्या जरा लाजल्यासारख्या दिसत होत्या. “पण म्हटलं, लाँड्रीवाल्यांच्या हातात लाळेनं भरलेला शर्ट कसा द्यायचा? आज सकाळीच धुतला. तुमच्यासारखी इस्त्री काही जमली नसेल. पण खिशावरचा शाईचा डाग मात्र काढलाय. इस्पितळात हेच केलंय जन्मभर. तुमच्याकडे असून कसा राहिला होता तो?”

मी कागद उघडला. कॉलर ताठ होती. बाह्या मागे दुमडलेल्या. मी तो नाकाशी नेला नाही. न्यायची गरजच नव्हती, साबणाचा वास हातभर अंतरावरून येत होता.

मला ओरडायचं होतं. त्या शर्टाचे तुकडे करून त्या स्वच्छ अंगणात भिरकावायचे होते. पण कुणावर ओरडणार? बाईंनी हाताने घासला होता तो, त्यांच्या बोटांची टोकं अजून पांढरी होती. मुलगा बाहेर असतो, असं मीच सांगितलं होतं.

ह्यांनी माझ्या हातातून शर्ट घेतला. उजेडात धरला, खिसा पाहिला, शिवण पाहिली. “उत्तम हात आहे तुमचा,” म्हणाले. “आमच्याकडून नसता निघाला हा डाग.”

मेट्रनबाईंचा चेहरा फुलला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्याचं सगळं धुऊन टाकलं त्याच्या शेवटच्या शर्टाची हा माणूस तारीफ करतोय! मी गाडीत जाऊन बसले आणि दार धाडकन लावून घेतलं.

गल्लीच्या टोकाला, एका बंद दुकानासमोर, ह्यांनी गाडी बाजूला घेतली. साहेब मागच्या दांड्यांमधून मान काढून आमच्या दोघांच्या मध्ये उभा होता.

“तो शर्ट तू रजयांच्या खाली ठेवायचीस,” हे म्हणाले. “ठाऊक होतं मला.”

मी त्यांच्याकडे पाहिलं.

“मी सगळं धुऊन टाकलं ना त्याचं. आठवडाभर नुसता धूत सुटलो होतो. मग एक दिवस लक्षात आलं, काय करून बसलो ते. सगळे गठ्ठे सोडले गं मी, एक एक कपडा हुंगला. सगळ्याला नीळ आणि खळ. मग रजई काढायला गेलो तर ही पिशवी.” ते समोरच्या काचेकडे बघून बोलत होते. “दुपारी तू वर पडलेली असायचीस. तेव्हा मी खाली नेऊन घालायचो. बटणं लागायची नाहीत मला. तसाच उघडा ठेवून काम करायचो. तू उठायच्या आत परत ठेवून यायचो.”

“कितीदा?”

“रोजच.”

“रोज?” माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. “मी तिकडे पिशवीत श्वाससुद्धा सोडायचे नाही, आणि तुम्ही रोज घालून इस्त्री करत होतात? त्या वाफेत?”

“हो.”

“माझं होतं ते! माझं एकटीचं होतं!”

“हो,” हे म्हणाले. “म्हणून सांगितलं नाही. त्याचा वास पहिल्या दोन महिन्यांतच गेला असेल. पुढचा सगळा माझाच होता. तू आत्ता तिथे उभी होतीस ना, शर्ट हातात घेऊन, ते बघवेना. म्हटलं, सांगून टाकावं. धुतला गेला तो माझा घाम गं. त्याचं काही धुतलं गेलं नाही.”

मी त्यांच्या दंडावर मारलं. एकदा, दोनदा, मग मोजलं नाही. त्यांनी हात आडवा केला नाही. साहेब भुंकायला लागला तेव्हा मी थांबले.

मग मी डोळे मिटले आणि पोराचा खरा वास आठवायचा प्रयत्न केला. लहानपणचा आठवला, दुधाचा. शाळेतून आल्यावरचा आठवला, धुळीचा. पण शेवटचा, मोठ्या झालेल्या पोराचा, घरात शिरला की कळायचा तो, काही केल्या येईना. नाक त्याच त्या पिशवीतल्या वासापाशी जाऊन थांबत होतं. आई म्हणवते स्वतःला, आणि तेवढंही धरून ठेवता आलं नाही मला.

मी सरकले आणि ह्यांच्या खांद्यापाशी, कॉलरच्या आत, नाक खुपसलं. वर्षभरात मी त्यांच्या इतक्या जवळ गेले नव्हते. आठवडाभराचं समुद्राचं मीठ होतं, आणि त्याखाली तेच होतं. घाम, थोडं तेल, थोडी ऊब. अगदी तेच. रोज रात्री ते माझ्या शेजारी झोपत होतं आणि मी भिंतीकडे तोंड करून त्याच्यासाठी रडत होते. मी खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला, कुठेतरी तळाशी थोडासा तरी तो सापडेल म्हणून. ह्यांचा हात माझ्या डोक्यावर होता.

“नाहीये तो ह्यात,” मी म्हणाले.

“नाही,” हे म्हणाले. “नाहीये.”

लोकांना आम्ही ते शंभरदा सांगितलं होतं. एकमेकांना आज पहिल्यांदाच सांगितलं. ह्यांनी गाडी सुरू केली नाही, आणि मीही चला म्हटलं नाही.